बारा वाट्या, सप्रेम भेट

अहमदपूरच्या मोंढ्यामागे, म्हणजे धान्यबाजारामागे, एक गाळा रिकामा आहे. पूर्वी तिथे खताच्या गोण्या असायच्या, त्यामुळे आत शिरलं की अजूनही डोळे चुरचुरतात. मालक म्हणाला, पाडव्यापर्यंत थांबतो. नंतर तिथे चपलांचं दुकान.

*

स्टीलच्या भांड्यावर नाव घालायचं यंत्र हे दातांच्या डॉक्टरकडच्या यंत्राचं थोरलं भावंड असावं. आवाज तोच. फक्त इथे दुखतं ते नंतर.

*

बस धर्माबादला पोचायच्या आधी मिरची बसपर्यंत पोचते. आधी ड्रायव्हर शिंकतो, मग कंडक्टर, मग सीटच्या क्रमानं सगळे.

*

दिलेलं वाण परत मागत नाहीत.

*

"डाँकी. सप्रेम भेट."

*

श्रीमंतरावांनी उभ्या नोकरीत एकही कागद हरवला नाही.

*

शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करू, कारण बाकी सगळं त्याच्यामुळेच घडलं.

श्रीमंतराव लातूरच्या एका सरकारी कचेरीत अभिलेखपाल होते, म्हणजे जुन्या कागदांचे राखणदार. निजामाच्या वेळचे उर्दू दस्तऐवज, पिवळे नकाशे, शिवणीत सुटलेल्या बाडांचे ढीग, सगळं त्यांच्या ताब्यात. कागद सुरक्षित ठेवण्याचा सगळ्यात खात्रीचा मार्ग म्हणजे तो कुणालाच न देणं, असं त्यांचं तत्त्व होतं आणि ते त्यांनी निवृत्तीपर्यंत पाळलं. निरोपसमारंभात साहेब म्हणाले की यांच्या काळात कक्षातून एक कागद बाहेर आला नाही. साहेबांनी ते वैतागून म्हटलं होतं. श्रीमंतरावांनी ते ऐकताना मान तुकवून हात जोडले.

अशा माणसानं बिटकॉइन घ्यावं, हे नवल. पण त्याच कचेरीत अश्वजित नावाचा तरुण होता, कॉम्प्युटरवर बसणारा. पुढे तो नोकरी सोडून नांदेडला गेला आणि तिथे स्वतःचे कॉम्प्युटरचे वर्ग काढले. डब्याच्या सुट्टीत त्यानं एकदा समजावलं होतं की हे असं नाणं आहे की ज्याची नोंद जगभरातल्या हजारो यंत्रांवर एकाच वेळी असते, ती कुणाला खोडता येत नाही, फाडता येत नाही, वाळवी खात नाही. श्रीमंतरावांना नफ्याशी देणंघेणं नव्हतं. त्यांना ती नोंद आवडली. जिला उंदीर लागत नाही अशी नोंद त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच ऐकली होती. निवृत्तीनंतर ग्रॅच्युइटीतला एक चांगला मोठा तुकडा त्यांनी अश्वजितच्या मदतीनं तिकडे वळवला.

घरी सांगितलं, एफडी केली.

ही एफडी मुलीसाठी होती. साक्षी जनावरांची डॉक्टर. ती अहमदपूरला दुसऱ्याच्या दवाखान्यात उमेदवारी करत होती आणि तिच्या डोळ्यांत तो मोंढ्यामागचा गाळा भरला होता. बाजाराच्या दिवशी जनावरं समोरूनच जातात, बाबा, ती म्हणाली होती. श्रीमंतरावांनी शब्द दिला, पाडव्याच्या आधी पैसे देतो. उज्वलाबाईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, पेढे वाटले. त्यामुळे शब्द पक्का झाला.

आता ते नाणं सांभाळायचं कसं? अश्वजितनं काडेपेटीएवढं एक यंत्र आणून दिलं आणि बारा इंग्रजी शब्द. यंत्राला एक गुप्त आकडा होता. "नाणं यंत्रात नसतंय, साहेब," तो म्हणाला. "यंत्र म्हंजे नुसती किल्ली. किल्ली हरवली तर ह्या बारा शब्दांवरून दुसरी घडवता येती. शब्द क्रमानं लागत्यात. फोटो काढायचा न्हाई, मोबाइलात ठिवायचे न्हाईत, कुणाला म्हंजे कुणालाच सांगायचे न्हाईत. आन् शब्द हरवले तर..." आणि तो पंख्याकडे बघू लागला.

श्रीमंतरावांना गहिवरून आलं. निवृत्तीनंतर कुणी तरी त्यांच्याकडे पुन्हा एक अभिलेख सोपवला होता.

साठवण करायला लातूरकराला शिकवावं लागत नाही. ज्या गावानं आगगाडीनं आलेलं पाणी प्यालं आहे, त्या गावात माणूस टाकी, हौद, ड्रम, हंडा, कळशी आणि शेवटी तांब्या अशा क्रमानं विचार करतो. पण शब्द कशात साठवायचे? कागद बाद, कागदाचं काय होतं हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार. बँकेतला लॉकर बाद, कारण एफडी केली तर लॉकर कशाला असं उज्वलाबाई विचारतील. शेजारचे व्यंकटराव तहसिलीतून निवृत्त झालेले आणि सल्ल्याच्या बाबतीत अजून सेवेत असलेले. त्यांना श्रीमंतरावांनी आडून विचारलं, समजा एखादी महत्त्वाची गोष्ट शंभर वर्षं टिकवायची असेल तर? व्यंकटराव म्हणाले, कोर्टात टाका.

उत्तर सापडलं ते स्वयंपाकघरात. त्यांच्या आईच्या लग्नातला पाण्याचा पितळी गुंड तिथे होता. आईच्या लग्नाची पत्रिका नाही, फोटो नाही, ज्या गावात लग्न झालं त्या गावातलं घरसुद्धा राहिलं नाही. पण गुंडावर मामाचं नाव आणि तिथी अजून बोटाला लागत होती. श्रीमंतरावांनी गुंडावरून हात फिरवला आणि जागच्या जागी ठराव मंजूर केला. शब्द भांड्यांवर घालायचे. सगळे एकाच भांड्यावर नकोत, चोराची सोय होईल. एका भांड्यावर एक शब्द. वाट्या डझनानं मिळतात आणि शब्दही बाराच. याला योगायोग म्हणायला ते तयार नव्हते.

गंजगोलाईच्या बाजारात मडिवाळप्पांचं भांड्यांचं दुकान आहे. मडिवाळप्पा उदगीरकडचे, गिऱ्हाइकाशी मराठीत बोलतात आणि पैसे कानडीत मोजतात. लातुरातल्या निम्म्या भांड्यांवर त्यांच्या हातची नावं आहेत. श्रीमंतरावांनी दुकानात बसूनच एकेक शब्द चिठ्ठीवर लिहून दिला, खाली क्रमांक घातला, आणि चिठ्ठी परत घेऊन खिशात घातली. मडिवाळप्पांनी चष्म्यावरून बघितलं. लग्नाचं आहे, वास्तुशांतीचं आहे की वर्षश्राद्धाचं, एवढंच त्यांनी विचारलं. श्रीमंतराव म्हणाले, खाजगी आहे.

मधेच त्यांना फोन आला आणि ते बाहेर जाऊन बोलत उभे राहिले. परत आले तर बाराही वाट्या तयार. शब्द अचूक, क्रमांक अचूक. आणि प्रत्येक शब्दाच्या खाली, सुंदर वळणदार अक्षरात, सप्रेम भेट.

"हे कुणी सांगितलं?"

"ते सांगावं लागत न्हाई," मडिवाळप्पा म्हणाले. "तेवढं आमच्याकडून फुकट असतंय."

डाँकी, सप्रेम भेट. डिव्होर्स, सप्रेम भेट. लेझी, अंकल, ओनियन, सगळे सप्रेम. श्रीमंतरावांनी विचार केला. मजकुरात भर पडली होती, पण मूळ नोंदीला धक्का नव्हता. कचेरीत अशा भरीला ते 'शेरा' म्हणत. शेऱ्यानं काही बिघडत नाही. त्यांनी वाट्या मोजून पिशवीत घातल्या, घरी येऊन शब्द लिहिलेला प्रत्येक कागद चिठ्ठ्यांसकट जाळला, पिशवी माळ्यावर टाकली आणि त्या दुपारी ते फार दिवसांनी गाढ झोपले.

*

आता फेब्रुवारी.

श्रीमंतराव केस कापायला गेले होते. उज्वलाबाईंना टीव्हीवर कीर्तन लावायचं होतं आणि व्यंकटराव पेपर परत करायला आले होते. कीर्तनाचा पेनड्राइव्ह सापडेना. व्यंकटरावांनी खण उघडला, काडेपेटीएवढं ते यंत्र काढलं आणि टीव्हीला जोडलं. यंत्राच्या इवल्याशा पडद्यानं गुप्त आकडा मागितला. तहसिलीत आयुष्य काढलेल्या माणसाला कुणी माहिती मागितली की देण्याची सवय नसते, पण व्यंकटराव त्या दिवशी उदार होते. त्यांनी आपल्या निवृत्तीचं साल दिलं. मग जन्मसाल. मग एक-दोन-तीन-चार. यंत्र इंग्रजीत काही तरी म्हणालं आणि काळं पडलं. टीव्ही जुना झालाय, असा निष्कर्ष सांगून व्यंकटराव चहा घेऊन गेले.

गुप्त आकडा तीनदा चुकला की ते यंत्र स्वतःला पुसून घेतं. श्रीमंतरावांनी नांदेडला फोन लावला तेव्हा अश्वजित हसला. काही झालेलं नाही, म्हणाला. तुमचे शब्द आहेत ना?

श्रीमंतराव ताठ झाले. शब्द आहेत ना, असं त्यांना विचारायचं?

त्यांनी टेबलावर खुर्ची ठेवली, खुर्चीवर स्वतःला ठेवलं आणि माळ्यावरची पिशवी ओढली. पिशवी फार सहज आली.

"त्या वाट्या व्हय?" उज्वलाबाई खालून म्हणाल्या. "संक्रांतीला वाण दिलं की त्याचं."

"वाण?"

"सप्रेम भेट लिहिलेलं होतं त्यांच्यावर. घरात ठिवायला थोडंच लिहितेत तसं?"

श्रीमंतरावांनी खुर्चीवर उभ्या उभ्याच रिकामी पिशवी उलटी करून झटकली. उतरल्यावर पुन्हा एकदा झटकली.

*

ज्यांना हळदीकुंकू म्हणजे काय हे सांगावं लागतं त्यांनी या गोष्टीत फार पुढे जाऊ नये, पण थोडक्यात असं. संक्रांत ते रथसप्तमी या काळात बायका एकमेकींना बोलावतात, हळदीकुंकू लावतात, तिळगूळ देतात आणि एक वस्तू देतात. याला वाण लुटणं म्हणतात. ती वस्तू परत मागणं म्हणजे जेवून गेलेल्या पाहुण्याला ओकायला सांगणं. बायको ते करणार नाही, आणि का करायचं हे श्रीमंतराव तिला सांगू शकत नव्हते, कारण सांगायचं म्हटलं तर सुरुवात एफडीपासून करावी लागली असती.

बारा बायकांना वाण दिलं, एवढं त्यांनी आडवळणानं काढून घेतलं. दोन दिवस विचार केला. मग कॉलनीत बातमी सोडली की त्या वाट्यांचं स्टील खराब निघालं आहे आणि त्या बदल्यात मोठी वाटी मिळेल. मोठ्या वाट्या त्यांनी मडिवाळप्पांच्या दुकानासमोरच्या दुकानातून घेतल्या.

पहिल्याच दिवशी चार वाट्या आल्या आणि त्याबरोबर न मागितलेली अकरा भांडी. कुणी तवा आणला, कुणी कुकरचं झाकण. कुणाला वाटीत दही खाल्ल्यापासून मळमळत होतं. ज्यांना वाणच मिळालं नव्हतं त्यांनाही मळमळत होतं. कॉलेजातल्या एक बाई, ज्यांच्या वाट्याला डाँकी आली होती आणि ज्या संक्रांतीपासून उज्वलाबाईंशी बोलत नव्हत्या, त्यांनी वाटी आणून श्रीमंतरावांच्या हातात आपटली. म्हणाल्या, माझ्याबद्दल तुमच्या घरात काय मत आहे ते मला कळलं होतं, पण ते कोरून द्याल असं वाटलं नव्हतं. श्रीमंतरावांनी क्रमांक बघितला आणि समाधानानं हसले. त्या हसण्याचा खुलासा पुढे वर्षभर करावा लागणार होता.

व्यंकटरावांना हे प्रकरण वैयक्तिक पातळीवर ठेवणं मान्य नव्हतं. त्यांच्या पत्नी कस्तुराबाई, त्यांच्याकडेही एक वाटी होती. "निस्ती बदलून काय व्हणार?" ते म्हणाले. "उद्या पोरंबाळं आजारी पडली तर जिम्मेदार कोण?" आणि त्यांनी एका कार्यालयात तक्रार दिली. नोकरीत असताना त्यांच्या तक्रारीवर वर्षानुवर्षं काही होत नसे. या वेळी तिसऱ्या दिवशी साहेब आले.

साहेबांनी कस्तुराबाईंची वाटी नमुना म्हणून जप्त केली. पांढऱ्या कापडात गुंडाळली, दोरा बांधला, लाख वितळवली, मोहर उठवली, पंच म्हणून व्यंकटरावांची सही घेतली. श्रीमंतराव कोपऱ्यात उभं राहून बघत होते. ती वाटी कुठे जाणार हे त्यांना ठाऊक होतं. ती एका अभिलेख कक्षात जाणार, तिथे त्यांच्यासारखाच एक माणूस असणार, आणि तो ती जन्मात कुणाला देणार नव्हता. लाखेचा वास त्यांना नोकरीभर आवडत आला होता. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी नाकाला रुमाल लावला.

संध्याकाळी मडिवाळप्पा आले. ते आत आले नाहीत, बसले नाहीत, पाणी घेतलं नाही. तीस वर्षं भांडी विकतोय, म्हणाले, नवरानवरी वेगळी झाली पण आमच्या भांड्याचा टाका सुटला न्हाई. श्रीमंतरावांना त्यांची माफी मागायची होती. पण माफी मागायची तर खोटं बोललो हे सांगावं लागणार, आणि मग खरं काय हेही. समोरच्या दुकानाची पिशवी नेमकी दारातल्या खुंटीवर लटकत होती. मडिवाळप्पांनी ती वाचली आणि निघून गेले.

*

डिव्होर्सबद्दल वेगळं सांगायला हवं.

ती वाटी मागच्या गल्लीतल्या स्वप्नालीला गेली होती. लग्नाला वर्ष झालेलं. वाटी आधी सासूनं वाचली. सासू सातवी पास, पण तो शब्द मालिकांमुळे सगळ्यांना वाचता येतो. हे तुला कुणी दिलं, का दिलं, तू बाहेर काय सांगत फिरतेस, असं सुरू झालं ते स्वप्नाली वाटीसकट शिरूर अनंतपाळला माहेरी निघून जाईपर्यंत. हे कळल्यावर श्रीमंतराव स्वतःहून समेटाच्या बैठकीला गेले. सगळ्यांना त्यांचा फार आदर वाटला. इतक्या लांब, शेजाऱ्यासाठी कोण येतं? ते जाणत्या माणसासारखे मध्यभागी बसले. दोन्ही बाजूंचं ऐकताना त्यांची नजर मात्र अंगणात फिरत होती, आणि तिथे एक कोंबडी डिव्होर्समधून पाणी पीत होती.

बोलायची पाळी आली तेव्हा ते म्हणाले की तो शब्द म्हणजे वाटीच्या कंपनीचं नाव आहे, त्यात दुसरा काही अर्थ नाही. जावई म्हणाला, बघ, मी सांगत होतो. स्वप्नाली म्हणाली, तुम्ही काहीच सांगत नव्हता. मग तिची आई हसली आणि समेट झाला. श्रीमंतराव वाटी घेऊन निघाले. कोंबडी फाटकापर्यंत मागे आली.

त्या रात्री त्यांनी अश्वजितला फोन करून सगळी हकिगत सांगितली. सात वाट्या हातात, एक सरकारजमा, चार अजून बाहेर. जप्त मालाची सुटका करायला अर्ज कसा करायचा, असं त्यांनी विचारलं.

अश्वजित म्हणाला, "साहेब, वाटी कशाला पायजे? शब्द वाचला की झालं की."

इथे थोडं थांबायला हवं, कारण श्रीमंतरावही थांबले. उभ्या नोकरीत त्यांनी मूळ प्रतीशिवाय कशावर विश्वास ठेवला नव्हता. नक्कल ही नक्कल. झेरॉक्स ही तर अफवा. वाटी न आणता नुसतं वाचून यायचं, ही गोष्ट त्यांच्या मनाला शिवलीच नव्हती. तीन आठवडे, नव्या वाट्या, एक जप्ती, एक कोंबडी, आणि मडिवाळप्पा.

दुसऱ्या दिवशी त्यांनी नुसतं विचारायला सुरुवात केली तर कॉलनीतल्या सगळ्या बायकांना सगळे शब्द पाठ. संक्रांतीपासून दुसरा विषयच नव्हता. त्या शब्दांवरून कुणाचं वर्ष कसं जाणार, हे भिशीच्या दिवशी सांगून झालं होतं. मँगोवालीला आमरस, पेनल्टीवालीच्या मुलाला गाडीचा दंड, आणि तो खरंच आला होता. जप्त झालेल्या लेझीबद्दल तर विचारायलाच नको. कस्तुराबाई रोज सकाळी व्यंकटरावांना त्याच शब्दानं उठवत होत्या, आणि क्रमांक व्यंकटरावांनी पंच म्हणून स्वतः वाचला होता. ज्या शब्दांबद्दल कुणाला म्हणजे कुणालाच सांगायचं नव्हतं, ते दोन महिने भाजीवालीलासुद्धा ठाऊक होते.

अकरा शब्द जमले. क्रमांक नऊचा पत्ता लागेना, आणि तो शब्द मात्र कुणाच्याच तोंडी नव्हता. श्रीमंतरावांनी डोळे मिटून आठवायचा प्रयत्न केला. पण लिहून सुरक्षित ठेवलेली गोष्ट लक्षात ठेवायची नसते, ही त्यांची जुनी सवय. वाण घेतलेल्यांपैकी एकच बाई विचारायची राहिली होती. पार्वतम्मा, व्यंकटरावांच्या विहीणबाई, संक्रांतीत पाहुण्या आल्या होत्या. त्या धर्माबादच्या. त्यांचा फोन लागेना.

पाडवा परवावर आला होता.

*

दुसऱ्या दिवशी शिंकत शिंकत ते धर्माबादला उतरले. पार्वतम्मांच्या अंगणात लाल मिरची पसरली होती आणि त्या फडक्यानं तोंड बांधून देठं खुडत होत्या. उज्वलाचे मालक इतक्या लांब आले म्हणून त्यांनी आधी भात वाढला. संक्रांतीच्या वाणाचं नाव काढताच त्या हसत आत गेल्या आणि ते घेऊन आल्या.

चहाची गाळणी.

"वाट्या सरल्या म्हणे उज्वला," त्या म्हणाल्या. "मला हे दिलं. चांगली हाय की. चहा लई निर्मळ गाळती."

श्रीमंतरावांनी गाळणी उलटी करून पाहिली. तिच्यावर काही लिहिलेलं नव्हतं. बारा बायका, बारा वाट्या, आणि बाराव्या बाईच्या हातात गाळणी. म्हणजे मडिवाळप्पांनी एक वाटी कमी दिली. इतका वेळ त्या माणसाबद्दल मनात जे खजील वाटत होतं, ते त्यांनी त्या एका विचारावर झटकून टाकलं आणि बसमध्ये ते परत येऊन शेजारी बसलं. वाट्या पिशवीत घालताना त्यांनी स्वतः मोजल्या होत्या.

परतताना नांदेडला उतरून त्यांनी अश्वजितला गाठलं. त्यानं पाणी दिलं आणि म्हणाला, काळजी नको, एकच शब्द कमी असेल तर मी कॉम्प्युटरवर एकेक शब्द लावून शोधतो, तासाभराचं काम. फक्त बाकीचे अकरा मला सांगा.

श्रीमंतरावांनी त्याच्याकडे बघितलं. "तूच म्हणाला होता," ते म्हणाले, "कुणाला म्हंजे कुणालाच न्हाई."

"साहेब, अख्ख्या कॉलनीला म्हाइत हायेत."

"ते वेगळं. ते मी सांगितलेलं न्हाई."

अश्वजितनं बराच वेळ समजावलं. श्रीमंतरावांनी चहा घेतला, त्याच्या मुलीच्या हातात खाऊचे पैसे ठेवले आणि लातूरची बस धरली. बस अहमदपूरच्या स्टँडवर थांबली तेव्हा ते खिडकीतून मागे सरकून बसले. साक्षी या वेळी तिथे असण्याची काही शक्यता नव्हती, पण तरीही.

*

घरी उज्वलाबाई उद्याच्या गुढीची काठी पुसत होत्या. श्रीमंतराव चपला काढायचं विसरून आत आले, पाटावर बसले आणि त्यांनी सगळं सांगितलं. एफडीपासून. नाणं, यंत्र, शब्द, वाट्या. स्टील खराब नव्हतं, मडिवाळप्पांचा काही दोष नव्हता, साक्षीचे पैसे एका शब्दापाशी अडकलेत आणि तो शब्द हरवला आहे. हरवला हा शब्द त्यांच्या तोंडून निघाला तेव्हा पायांतल्या चपला त्यांच्या लक्षात आल्या.

उज्वलाबाई काठी पुसत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हंजे एफडी त्या वाट्यांत हुती?"

"हाव."

"आन् मला सांगितलं न्हाई."

काठी दोनदा पुसून झाली होती, ती तिसऱ्यांदा पुसली गेली.

"किती नंबरची राहिलीय?"

"नऊ."

त्या उठल्या आणि देवघरातून एक वाटी घेऊन आल्या. तिच्यात कुंकू होतं. त्यांनी ते दुसऱ्या भांड्यात ओतलं, पदरानं वाटी पुसली आणि त्यांच्यापुढे ठेवली. क्रमांक नऊ. हस्बंड. सप्रेम भेट.

"ही तू दिली न्हाईस?"

"काय बी बोलता," उज्वलाबाई म्हणाल्या. "संक्रांतीच्या दिवशी नवरा कुणाला वाटून टाकू? म्हणून तर पार्वतम्माला गाळणी द्यावी लागली."

श्रीमंतराव वाटीकडे बघत बसले. तळाला कुंकू राहिलं होतं, अक्षरांत शिरलेलं. त्यामुळे तो शब्द बाकीच्या अकरांपेक्षा जास्त स्पष्ट वाचता येत होता.

बारा शब्द त्यांनी क्रमानं यंत्रात घातले. उज्वलाबाई शेजारी बसून एकेक वाचून दाखवत होत्या. अश्वजितनं फोनवर सांगितलं तसं नाणं विकून गाळ्याचे पैसे पाडव्याला पोचले, दुपारी. संध्याकाळी श्रीमंतराव गंजगोलाईत गेले आणि भर दुकानात मडिवाळप्पांसमोर उभे राहिले. काय बोलले ते गिऱ्हाइकांना ऐकू गेलं नाही. मडिवाळप्पांनी ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि विचारलं, मग आता काय घालू? श्रीमंतरावांनी एक जड ताट निवडलं आणि अहमदपूरच्या दवाखान्याचं नाव लिहून दिलं. सप्रेम भेट त्यांनी या वेळी आपण होऊन सांगितलं. जप्त वाटी अजून आलेली नाही. ती सुखरूप असणार, याबद्दल श्रीमंतरावांना खात्री आहे.

एक गोष्ट सांगायची राहिली. त्या संक्रांतीच्या सकाळी, वाण द्यायच्या आधी, उज्वलाबाईंनी माळ्यावरची पिशवी खाली काढून वाट्या श्रीमंतरावांसमोर ओतल्या होत्या आणि ह्या वाणाला देऊ का, असं विचारलं होतं. श्रीमंतराव मोबाइलवर नाण्याचा भाव बघत होते, आणि मान वर न करता ते म्हणाले होते, दे की.